शून्यावर अडलेली तातडी

मदतकक्षातल्या सहकारी बाईंनी सकाळी एकाच माणसाचे चार मेल माझ्यासमोर ठेवले. पहिल्या तिन्हींचा विषय ‘तातडीचे’ या शब्दाने सुरू होत होता आणि तिन्ही साध्या रांगेत धूळ खात पडले होते. चौथ्यात त्याने लिहिलं होतं, ‘कृपया तातडीने बघा’. हा मात्र आल्याबरोबर तातडीच्या रांगेत. “कृपया म्हटल्याशिवाय ऐकत नाही का तुमचं मशीन?” त्या हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही. मेलची ही वाटणी करणारा कोड माझाच होता, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला.

काम तसं किरकोळ. विषयात ‘तातडी’ सापडलं तर इकडे, नाहीतर तिकडे. शोधायला स्ट्रपॉस (strpos) हे फंक्शन, शब्द कितव्या जागी सुरू होतो तो आकडा देणारं, आणि त्याचा निकाल मी थेट इफच्या, म्हणजे ‘जर असेल तर’ या अटीच्या, कंसात टाकला होता. तोच निकाल लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, छापायला लावला. पहिल्या तीन मेलांसमोर 0, चौथ्यासमोर 16.

शून्य म्हणजे सापडलं नाही, असं मी वाचलं आणि 16च्या मागे लागलो. ‘कृपया’ची तीन अक्षरं, एक मोकळी जागा, मग सोळा कुठून आले? बराच वेळ यात गेला. स्ट्रपॉस अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, मात्राही त्यात आली. ‘कृपया’त अशी पाच चिन्हं, म्हणजे 15, आणि मोकळ्या जागेचा 1. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी-स्ट्रपॉस लावलं तर उत्तर 6 येतं. डोळ्यांना दिसतात चार, कोणाला विचारता त्यावर आहे! पण हे सगळं कळूनही मेल अडकण्याचं कारण काही हाती लागलं नाही.

मग सहज म्हणून ‘तातडीचे’च्या आधी एक स्पेस मारली. मेल बरोबर रांगेत गेला. लॉगमध्ये 1.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. सापडलं नाही तर स्ट्रपॉस फॉल्स, म्हणजे ‘खोटं’, देतं, आणि फॉल्स छापला तर लॉगमध्ये काहीच उमटत नाही, रिकामी जागा राहते. तिथे तर चक्क 0 होतं. म्हणजे शब्द सापडला होता, अगदी पहिल्या जागी, कारण जागांची मोजणी शून्यापासून सुरू होते! पण इफच्या लेखी शून्य आणि फॉल्स एकच. ज्यांना खरी घाई, ते ‘तातडी’ हाच शब्द आधी लिहिणार. नेमके तेच अडकत होते. माझ्या टेस्टमधला विषय होता ‘हे काम तातडीचे आहे’. टेस्ट पास होणारच.

शेजारचा सहकारी जावास्क्रिप्टवाला; त्या भाषेत शब्द सापडला नाही की -1 मिळतं. तो म्हणाला, “अरे, -1शी तुलना कर ना.” मीही घाईत != -1, म्हणजे ‘-1 नसेल तर’, लिहून मोकळा झालो. दहा मिनिटांत बाई परत हजर: आता सगळेच मेल तातडीचे! स्ट्रपॉस -1 कधी देतच नाही; फॉल्स आणि -1ची तुलना करताना पीएचपी -1ला ट्रू, म्हणजे ‘खरं’, धरतं, मग दोन्ही वेगळेच निघणार. शेवटी दोन बरोबरवालं !== false लिहिलं. इथे किंमतीबरोबर प्रकारही जुळावा लागतो, त्यामुळे शून्य आणि फॉल्सची गल्लत होत नाही. पीएचपी 8.0 पासून, म्हणजे 2020च्या अखेरीस, स्ट्र-कंटेन्स आलं. ते सरळ हो किंवा नाही सांगतं. आमचा सर्व्हर अजून 7.4वर, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

दुपारी अख्ख्या कोडमध्ये स्ट्रपॉस शोधायला बसलो. बहुतेक ठिकाणी सगळं ठीक होतं. एका ओळीवर मात्र हात थांबला. फाइल डाउनलोड करून देणाऱ्या पानावर, आलेल्या पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, दोन टिंबं (‘एक फोल्डर वर जा’ची खूण) नसतील तरच पुढे जा, अशी अट होती, आणि ती निकाल उलटा करणारं उद्गारचिन्ह लावून लिहिलेली: !strpos. पाथ दोन टिंबांनीच सुरू झाला की उत्तर शून्य, शून्याचं उलटं खरं, आणि पहारेकरी दार उघडून बाजूला. फोल्डरच्या बाहेर पडायला पाथची सुरुवात नेमकी अशीच करतात.

ती ओळ आधी दुरुस्त केली आणि मगच कोणाला सांगितलं. त्यानंतर जेवढ्या दिवसांचे जुने लॉग होते तेवढे उघडून, दोन टिंबांनी सुरू होणारा एखादा पाथ येऊन गेलाय का ते बघत बसलो. एकही निघाला नाही. ऑफिसातले दिवे तोवर बंद झाले होते.