सायकल कुठल्या कंपनीची घेऊ?

"मामा, सत्तरच्या दशकातली रॅले मिळतेय. कंपनी चांगली ना?" मी बर्मिंगहॅमला राहतो आणि गराजमध्ये सात जुन्या रेसिंग सायकली आहेत, त्यामुळे भाच्यापासून त्याच्या मित्रांपर्यंत सगळे हेच विचारतात. रॅले बरी की फ्रेंच प्यूजो? इटालियन बियांकीला किती मोजावेत? आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कंपनीचं नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो.

आपल्याकडे रॅले म्हटलं की आसनसोलच्या कारखान्यातली, आजोबांची काळी, कॅरियरवाली सायकल आठवते. त्या जन्मभर चालल्या, म्हणून नावाचा दबदबा. पण नॉटिंगहॅमच्या मूळ रॅलेने सत्तरच्या दशकात 'ग्रँ प्री' विकली आणि 'प्रोफेशनल'ही. पहिलीची फ्रेम साध्या कार्बन पोलादाची. दुसरीची वर्कसॉपच्या कार्लटन कारखान्यात जोडलेली, सगळ्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या खास पोलादाच्या. हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळा मात्र तोच. प्यूजोचंही तसंच: साधी यूओ-८ आणि रेसची पीएक्स-१० एकाच घरातल्या, पण वजनात तीनेक किलोंचा फरक.

५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद रेनॉल्ड्सने इथे बर्मिंगहॅममध्येच १९३५ साली आणलं. खरी करामत मात्र त्याआधीची, १८९७च्या पेटंटची: नळी टोकांना जाड आणि मधे पातळ. जोडताना आच टोकांना लागते, तिथे धातू जास्त हवा. मधे उगाच ओझं कशाला? म्हणून मी माठ घेताना वाजवतात तशी नळी टिचकी मारून बघतो. मधे आणि टोकाला आवाज वेगळा आला तर बरं लक्षण. बायको म्हणते, भाजीवाल्याकडे कलिंगडाचंही तुम्ही हेच करता, आणि ते पांढरंच निघतं.

कलिंगडाच्या बाबतीत तिचं खरं आहे, म्हणून मी कॅलिपर बाळगतो. सीटचा दांडा काढून त्याची जाडी मोजायची. इंग्लिश आणि इटालियन फ्रेममध्ये सीटची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर. ती पातळ असेल, ५३१ किंवा इटलीच्या कोलंबस एसएलची, तर आत २७.२चा दांडा बसतो. जाड, स्वस्त नळीत भोकच लहान, दांडा २६ किंवा त्याहूनही कमी. दांडा निघतच नसेल तर किंमत पाडा नाहीतर सोडून द्या. अॅल्युमिनियमचा दांडा पोलादात गंजून बसला की तो काढण्यात सुट्ट्या जातात.

मग मागच्या चाकाचा आस बसतो ते ड्रॉपआउट: पत्र्यातून कापल्यासारखे चपटे की ठोकून घडवलेले, कांपान्योलो या नामी इटालियन कंपनीचं नाव उमटलेले? चपटे म्हणजे स्वस्तातले. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, कॉटर पिनवर, म्हणजे पाचरीवर, बसवलेत का? तर तेही स्वस्तातलं. रिमला लोहचुंबक चिकटतं का? चिकटलं तर पोलादी रिम, आणि पावसात त्यावर ब्रेक लावणं म्हणजे देवाचा धावा. शेवटी हँडलखाली दोन्ही नळ्यांच्या पोटाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर ती सायकल कुठेतरी समोरून धडकलेली आहे.

स्टिकरवर जाऊ नका. ५३१चं हुबेहूब स्टिकर सहज विकत मिळतं. एकदा मी नव्याने रंग दिलेली एक फ्रेम त्याच स्टिकरवर भुलून घेतली. घरी दांडा मोजला तर २६. त्या दिवसापासून आधी कॅलिपर, मग पाकीट.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पांढरी पीएक्स-१० बघायला गेलो. पुढचे लग, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाह्या, काळे रंगवलेले, कोरीव काम सुंदर, ५३१चं स्टिकर जुनं, फिकट. दांडा मोजला: २६.४. मी मनात म्हटलं, पुन्हा तेच. ते सांगत होते, ही मी नवी असताना घेतली, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. मी आभार मानून, जरा तोऱ्यातच, निघालो.

जुन्या फ्रेंच सायकलींच्या नळ्या मेट्रिक मापाच्या, इंची नाहीत. सीटची नळी बाहेरून २८.६ नाही, २८. पातळ ५३१ असली तरी पीएक्स-१०ला दांडा २६.४चाच बसतो. हे मला आठवडाभराने कळलं. लगेच फोन केला, तर ते म्हणाले, कालच गेली.