पटदीप पुढच्या वर्षी

लेक हॉस्टेलला गेला आणि गिटार घरी राहिली. दुपारी मागचं आवरून झालं की मी ती मांडीवर घेते. ए मायनर, डी मायनर, ई हे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे गट. ही गरीब मंडळी आता हाताला सरावलीत. सध्या घोडं अडलंय ते ए मायनर मेजर सेव्हनपाशी.

बघायला गेलं तर काहीच नाही. ए मायनर धरायचा, तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमधलं, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या दुसऱ्या घरातलं, बोट उचलायचं आणि त्याच तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये दाबायचं. पण दाबायचं कशानं? तर्जनीनंच, आणि ती तर आधीच शेजारच्या दुसऱ्या तारेवर बसलेली. मग तिचं टोक तिसऱ्या तारेवर न्यायचं, पेर दुसरीवर आडवं पाडायचं आणि खालचा सांधा असा उचलून धरायचा की पहिली तार मोकळी वाजली पाहिजे. ती ठप्प बोलते. तिला सांभाळावं तर तिसरी घुसमटते.

"आई, सरळ ए मायनर सेव्हन लाव ना. तिसरी तार मोकळी सोड. कोणाला कळतंय!" लेकाचा फोनवरून सल्ला.

हे 'कोणाला कळतंय' माझ्या डोक्यात जातं. आमसूल संपलं म्हणून आमटीत लिंबू पिळणाऱ्यांतली मी नाही. शिवाय मी बसवतेय त्या गाण्यात ए मायनर, मग हा, मग ए मायनर सेव्हन, मग सिक्स्थ असा उतार आहे. म्हणजे ए ला सा धरलं तर सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध. मधली पायरी गाळून उतरायचं कसं?

आणि मला कळतं. पेटीच्या बाई दुपारीच शिकवायच्या. भीमपलास दुपारचा राग म्हणून नव्हे, त्यांना सवड तेव्हाच असायची. पांढरी एकचा सा. कोमल ग आणि कोमल नि या दोन काळ्या पट्ट्या. भात्याचं एक कातडं फाटलेलं, त्यामुळे प्रत्येक सुरामागे फुस्स. बाई समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. मला मधूनच लहर यायची. वर जाताना काळी सोडून तिच्या शेजारची पांढरी दाबायची, आणि दाबूनच ठेवायची. शुद्ध नि. पोटात काहीतरी व्हायचं. बाई मान वर न करता म्हणायच्या, "तो पटदीप राग झाला. पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी बाबांची बदली झाली.

पाचवी मोकळी तार ११० हर्ट्झवर वाजते. तिच्या पोटात २२० चा वरचा सा असतोच. तिसऱ्या तारेवरचा हा शुद्ध नि साधारण २०८ चा. म्हणजे दोघं सेकंदाला बाराएक वेळा एकमेकांना घासतात, म्हणून हा कॉर्ड असा थरथरतो. पटदीपात गवई याच नि वर थांबतो आणि खाली तानपुऱ्याचा सा चालूच असतो. घासाघीस तीच. आता गवयाचा नि काही फ्रेटच्या मापाचा नसतो म्हणा. पेटीवरही हाच आक्षेप होता, की तिचे सूर जागेवरून हलत नाहीत. आकाशवाणीनं १९४० पासून तिला कित्येक वर्षं दाराबाहेर बसवलं होतं. माझ्यासारखीला तेवढं सूक्ष्म ऐकू येतं कुठे! काळ्या पट्टीवरून पांढरीवर गेलेलं मात्र अजून येतं.

काल कॉर्ड लागला. पाचही तारा स्वच्छ, पहिलीसकट. चार वेळा छेडून रेकॉर्डिंग लेकाला पाठवलं. लगेच मेसेज आला, "आई, तिसरी तार उतरलीय का? बेसूर वाटतंय."

ट्यूनर लावूनच वाजवलंय, असं कळवलं. त्यावर नुसता अंगठा आला.