जोडीतला एकच स्पीकर दबका का वाजतो?

जुन्या स्पीकरांची जोडी विकत घेतलेली मंडळी मला हमखास विचारतात की, एक स्पीकर मोकळा वाजतो आणि दुसऱ्यातून तंबोऱ्याची जवारी ऐकूच येत नाही, तर त्याचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) गेला असे समजायचे का? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो: इतक्यात समजू नका. १९६७ साली आलेल्या, अ‍ॅकॉस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीच्या एआर-३ए स्पीकरांचे उदाहरण घेऊ.

आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्याकडची डाव्या-उजव्या वायरींची टोके अदलाबदल करावीत आणि मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकसारखेच वाजणारे) ध्वनिमुद्रण लावावे. दबकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे सरकला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याआधीच्या यंत्रात आहे. तो जागचा हलला नाही, तर वायर आणि खोलीतली जागाही बदलून पाहावी. तुलना मात्र जोडीदाराशीच करावी, कारण एआर-३एचे वरचे स्वर आजच्या स्पीकरांपेक्षा मुळातच सौम्य आहेत.

मग पाठीमागे पाहावे. तिथल्या टर्मिनलांपैकी '२' आणि 'टी' यांना जोडणारा दुवा निसटला असेल, तर वूफर (खर्ज वाजवणारा भाग) तेवढा वाजतो. दुवा जागेवर असेल, तर मिडरेंज (मधले स्वर वाजवणारा भाग) आणि ट्वीटर यांची पातळी ठरवणाऱ्या दोन बटणांवर माझा पहिला संशय असतो. त्यांच्या आतल्या पोटेन्शिओमीटरमधला (बटण फिरवल्यावर कमीजास्त होणाऱ्या रोधातला) सरकता धातूचा संपर्क वर्षानुवर्षे एकाच जागी राहून गंजतो. बटण सावकाश फिरवताना खरखर होऊन एखाद्या ठिकाणी वरचे स्वर एकदम उमलले, तर निदान झालेच म्हणून समजावे. संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेने येणारा गुण बहुधा टिकत नाही. हातमोजे आणि मास्क घालून १२ इंची वूफर उतरवावा, आतले काचतंतू पूर्ण जपून बाजूला ठेवावेत, कारण बंद पेटीचा खर्ज त्यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि पोटेन्शिओमीटर उघडून संपर्क घासून स्वच्छ करावा.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच ट्वीटरच्या वाटेवरचा ६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (ट्वीटरकडे फक्त वरचे स्वर जाऊ देणारा भाग) तपासावा आणि बदलायचा झाल्यास दोन्ही स्पीकरांत बदलावा. ट्वीटरची एक वायर सोडवून मल्टीमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) लावल्यावर परिपथ तुटलेला दिसला, तरच तो गेला म्हणावे. शेवटी दोन्ही पेट्यांची बटणे खुणांवर न विसंबता, मोनो ध्वनिमुद्रण ऐकत कानानेच जुळवावीत.