आल्डरखालचा चिखल आणि ‘सोपी ओळख’

आल्डर या पाणथळ जागच्या झाडाच्या जुन्या तुऱ्यावर (लोंबत्या फुलोऱ्यावर) लांब दांड्याचा तपकिरी कप, म्हणजे कपाच्या आकाराची बुरशी, दिसला की तो सिबोरिया अमेंटेसिया, असं ओळखपुस्तकं एका ओळीत उरकतात. त्या भरवशावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओढ्याकाठी जाणार असाल तर आधीच ऐकून ठेवा: कप सापडतो, नाव हुकतं. आणि ते मायक्रोस्कोपखाली नव्हे, चिखलातच हुकतं.

हेझलच्या झुडपांच्या उतारावरचा शोधाचा टप्पा कोरडा आणि निवांत, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा आल्डरच्या दलदलीत. पाणी ओसरल्यावर तिथं आल्डर, हेझल, विलो अशा सगळ्यांचे गेल्या वर्षीचे नरतुरे एकाच काळ्या राड्यात कालवलेले असतात. डोक्यावर आल्डर आहे म्हणून खालचा तुराही आल्डरचा, असं धरून चाललात तर पुढचं सगळं काम फुकट. तुरा धुऊन एक खवला भिंगाखाली धरावा. फार कुजला नसेल तर आल्डरच्या खवल्याला तीन फुलांचे अवशेष दिसतात, हेझलच्या खवल्याला एकाच फुलाचे. विलोचे खवले केसाळ असतात. काहीच कळत नसेल तर लेबलवर ‘तुरा अनिश्चित’ लिहावं, अंदाज ठोकू नये. आल्डरच्या लाकडी मादीबोंडांवर उगवतो तो सिबोरिया व्हिरिडिफुस्का. तो शरद ऋतूतला आणि वेगळाच.

कप चिमटीत धरून ओढायचा नाही. दांडा कधी दोन-तीन सेंटिमीटर चिखलात गेलेला असतो, तो तुटला की तुरा खालीच राहतो. खालून सुरी घालून तुऱ्यासकट ढेकूळ उचला. कप्प्यांच्या डबीत ओलसर शेवाळावर एका कप्प्यात एकच तुरा ठेवा. पाणी ठिबकत असेल तर शेवाळ आधी पिळून घ्या. गुडघ्यापर्यंतचे बूट इथं पुरत नाहीत, हे सगळ्यांना पाय ओले झाल्यावर कळतं.

डबी थंड ठेवा आणि दोन-तीन दिवसांत मायक्रोस्कोपखाली घ्या. नमुना जिवंत हवा, कारण मेलेल्या बीजाणूपिशव्या आक्रसतात आणि पॅराफायसिसमधले (पिशव्यांच्या मधल्या वांझ तंतूंमधले) चकाकते थेंब नाहीसे होतात. पहिली स्लाइड साध्या पाण्यातच करावी. कपाच्या आतल्या थराचा टाचणीच्या टोकाहून लहान तुकडा घेऊन त्यावर कव्हरस्लिप ठेवा आणि पेन्सिलीच्या रबराने हलकं दाबा. तुकडा मोठा घेतला तर दिसते ती नुसती तपकिरी भिंत, आणि नवखे सगळे मोठाच घेतात.

बीजाणू मोजायचे ते बाहेर फेकलेलेच. कप ओल्या डबीत स्लाइडवर पालथा ठेवला की रात्रीत पुरेसे पडतात. पिशवीतले अपक्व बीजाणू मोजले की आकडे लहान येतात आणि नाव चुकतं. तेलाच्या 100× भिंगाखाली किमान वीस मोजा. त्याआधी आयपीसमधली पट्टी प्रत्येक भिंगासाठी स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडशी, स्वतंत्रपणे जुळवून घ्या (त्याचा एक भाग सहसा 10 मायक्रोमीटरचा असतो). अमेंटेसियाचे बीजाणू साधारण 7 ते 10 × 4 ते 6 मायक्रोमीटर. हेझलवरच्या सिबोरिया कोरिलीचे उघडच मोठे, लांबी 12 च्या वर. विलो-पॉप्लरवरच्या सिबोरिया कॉकसला काही जण वेगळं मानतात, काही अमेंटेसियातच घालतात. तिथं आकड्यांवर भांडण मिटत नाही. म्हणूनच तुऱ्याची ओळख एवढी महत्त्वाची.

आयोडीनच्या रंगचाचणीसाठी लुगॉल हे द्रावण वापरा, मेल्झर हे दुसरं आयोडीन द्रावण नको. सिबोरियाच्या पिशवीच्या टोकाचं कडं दोन्हीत निळं होतं. पण लुगॉलमध्ये ज्यांचं कडं लाल होतं अशाही कपबुरश्या आहेत, आणि मेल्झरमध्ये त्या काहीच रंग दाखवत नाहीत. म्हणजे ‘रंग नाही’ हा निकालच खोटा पडतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडही आधी लावू नये, त्याने लाल होणारं कडं निळं होऊन बसतं. लुगॉलचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा, समोरच्या कडेला टिपकागद धरा आणि टोकावरून नजर हलवू नका.

शेवटी कपाच्या कडेचा पातळ उभा काप घ्या. बाहेरच्या पेशी गोलसर असतील तर सिबोरियाची वाट बरोबर. लांबट, विटांसारख्या दिसल्या तर हायमेनोस्किफस ही दुसरी कपबुरशी तपासा. उरलेला कप मंद उष्णतेवर वाळवून तुऱ्यासकट पाकिटात ठेवा. तुरा नसलेलं पाकीट ठेवण्यात अर्थ नाही.