आयर्लंडच्या सुट्टीत गळ टाकायचाय? आधी मासा ठरवा

तिकिटं, हॉटेलं, गाडी सगळं बुक झालं की बहुतेक जण मधल्या एखाद्या दिवशी मासेमारी घुसवतात. हा क्रम उलटा आहे. महिना, गाव, परवाना आणि खर्च ठरतो तो माशावरून.

सामन मासा डोक्यात असेल तर चार-पाच मोकळे दिवस हवेत. सामन आणि समुद्री ट्राउटसाठी सरकारी परवाना लागतो. तो एक दिवसाचा किंवा 21 दिवसांचाही मिळतो, सोबत कल्ल्यात अडकवायचे टॅग आणि नोंदवही येते. पण परवाना खिशात आहे म्हणून कुठल्याही काठावर उभं राहता येत नाही. नदीच्या त्या पट्ट्याचा मालक किंवा क्लब वेगळं परमिट देतो. शिवाय कुठली नदी खुली, कुठली ‘पकडा आणि सोडा’ आणि कुठली बंद, हे दरवर्षी नव्याने जाहीर होतं. पकडा-सोडा नदीवर गांडूळ चालत नाही, आणि गळ एकच, तोही उलट्या काट्याशिवायचा. एवढं करूनही पश्चिमेकडच्या लहान नद्यांत पाऊस पडून पाणी चढलं नाही, तर दिवस फुकट जातो. कुटुंबासोबतच्या आठ दिवसांच्या सहलीत सामनच्या नादी लागू नये, हे आमचं स्पष्ट मत.

त्यापेक्षा लॉख कॉरिब हे तळं बरं. गॉलवे शहरापासून जवळ, ब्राउन ट्राउट माशासाठी ना सरकारी परवाना ना परमिट. हंगाम 15 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर. मेफ्लाय नावाचे किडे साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पाण्यावर येतात आणि तेव्हा काठावरच्या उख्टरार्ड गावातल्या खोल्या आधीच भरतात. नाव एकट्याने भाड्याने घेऊ नका. पाण्याखालचे खडक कुठे वर येतात ते स्थानिक घिलीलाच, म्हणजे मासेमारीच्या वाटाड्यालाच माहीत. मोठी काठी, वाऱ्यावर उडणारी रेशमी दोरी, गळाला दोन जिवंत मेफ्लाय, आणि ते पाण्यावर नुसते टेकवत ठेवायचे: याला डॅपिंग म्हणतात. नवखे चुकतात ते इथेच. मासा वर आला की लगेच झटका देतात आणि माशी त्याच्या तोंडातून ओढून काढतात. काठी खाली करा, तीन मोजा, मग उचला. वारा अजिबात नसेल तर दोरी उडतच नाही, म्हणून घिलीशी बोलताना एक पर्यायी दिवस राखून ठेवा.

एकच संध्याकाळ हातात असेल तर समुद्र. काठीने मासेमारीला परवाना लागत नाही, पण बाससारख्या माशांना संख्या, आकार आणि महिन्यांची बंधनं आहेत, ती त्या वर्षीची बघून घ्या. जूनमध्ये गॉलवेला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसभर फिरूनही वेळ उरतो. उन्हाळ्यात मॅकरेल धक्क्याजवळ येतो, आपल्या बांगड्याचाच नातेवाईक. नऊ फुटी काठी, 30 ते 40 ग्रॅमचा चकचकीत धातूचा नकली मासा किंवा पिसांच्या गळांची माळ पुरते. माळेला चार-पाच मासे एकदम लागतात आणि गुंता होतो, म्हणून सुरुवातीला तीनच गळ ठेवा. भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन तास धरा. भरतीचं कोष्टक अनेकदा ग्रिनिच वेळेत असतं. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा, नाहीतर तासभर आधीच पोचाल. मॅकरेल लगेच साफ करून बर्फात टाका. उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळूनही जात नाही.

खडकांवर उतरू नका, अटलांटिकची लाट न सांगता येते, धक्काच बरा. सात मीटरपेक्षा लहान नावेच्या उघड्या डेकवर लाइफजॅकेट कायद्याने सक्तीचं. अडचणीत 112 लावून कोस्ट गार्ड मागा.

काठी चार तुकड्यांची घ्या, गळ चेक-इन सामानात टाका. एका तळ्यावरून दुसरीकडे जाताना जाळं आणि बूट धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण वाळवा. कॉरिबमध्ये 2005 साली परकी पाणवनस्पती सापडली, तेव्हापासून स्थानिक लोक याबाबत फार कडक आहेत. आणि उत्तर आयर्लंडमधल्या लॉख अर्न तळ्यावर जायचं तर तो युनायटेड किंगडम: परवाना वेगळा, आणि भारतीय पासपोर्टवर आयरिश व्हिसाला बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) नोंद नसेल तर व्हिसाही वेगळा.