अकरा जणांचा मॅटिनी शो

आज सुट्टी, म्हणून आईला घेऊन मराठी सिनेमाला गेले. साडेबाराचा शो. निघताना भाऊ म्हणालाच, "कशाला उन्हात जाता? दोन महिन्यांत घरी टीव्हीवर येईल." त्याचंही खरंच म्हणा. मोठे हिंदी सिनेमे साधारण आठ आठवड्यांत ओटीटीवर येतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

थिएटरात आम्हाला धरून अकरा टाळकी. (मोजली. जाहिराती चालू होत्या, दुसरं काय करणार!) पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग, म्हणून आईने पिशवीत चिवड्याची पुडी घेतलेली. ती दारातच काढून ठेवायला लावली. नाशिकमध्ये, चिवडा! त्यावरून आई मध्यंतरापर्यंत धुमसत होती.

मध्यंतरानंतर मात्र एका प्रसंगाला मागच्या रांगेतले आजोबा असे खदाखदा हसले, मग खोकले, मग परत हसले, की आम्ही सगळेच सुटलो. सिनेमाला हसतोय की आजोबांना, कळेना. आईने तर डोळे पुसले पदराने. घरी हाच सीन लागला असता तर मी कुकरच्या शिट्ट्या मोजत फोन चाळत बसले असते.

येताना रिक्षात दादासाहेब फाळके आठवले. जन्म आपल्या त्र्यंबकचा, १९१३ मध्ये सिनेमा दाखवला मुंबईला, आणि १९४४ मध्ये गेले ते नाशिकमध्येच. त्यांच्या गावात आज अकरा प्रेक्षक. आईला म्हटलं तसं, तर ती वेगळ्याच विचारात.

"पुढच्या वेळी चिवडा पदराखाली नेऊ."