बोटी वर, पाणी खाली

जेवण झाल्यावर जरा आडवं व्हायचं, तर मी सर्व्हे ऑफ इंडियाचे शंभरेक वर्षांपूर्वीचे नकाशे उघडून बसले. इंचाला मैल. 47 जी या क्रमांकाच्या नकाशातले तुकडे : चिपळूण, कुंभार्ली, हेळवाक, कोयनेचं खोरं.

मला नकाशा दोऱ्याने मोजायची खोड आहे. शाळेत असताना आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ओला करून रस्त्याच्या वळणांवर बसवायचे, मग तो ताणून पट्टीला लावायचा. घाट आला की दोरा हमखास सरकायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आई ओरडायची ती दोऱ्यासाठी नव्हे, ओल्या अॅटलाससाठी. स्क्रीनवर तेही सुख नाही.

तर बोटानेच निघाले. मुंबईची आगबोट दाभोळला लागायची. तिथून छोट्या बोटीने भरतीचं गणित सांभाळत वाशिष्ठीतून वर गोवळकोटपर्यंत. पुढे बैलगाड्या. खालून मीठ, नारळ, वरून गूळ. कुंभार्ली चढून हेळवाकला आलं की रस्ता कोयनेबरोबर पूर्वेला वळतो आणि कऱ्हाडला जातो. पण आपण तसं न जाता नदीच्या उगमाकडे, उत्तरेला वळायचं. तिथे गाडीरस्ता संपतो. नुसत्या पायवाटा, चार-चार घरांचे काळे ठिपके, मधून नदीची निळी रेघ. बामणोली, तापोळा. बोटीचा तर प्रश्नच नाही, उन्हाळ्यात नदी चालत ओलांडायची.

साठच्या दशकात धरण झालं आणि सगळं उलटंपालटं. त्या निळ्या रेघेचा शिवसागर झाला, 105 टीएमसीच्या, म्हणजे 105 अब्ज घनफुटांच्या धरणाचा. तापोळ्याला आता लाँच चालतात, मोटारसायकलीसुद्धा त्यात चढतात. आणि कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज देतं आणि अवजल (वापरून सोडलेलं पाणी) होऊन वाशिष्ठीला मिळतं. गोवळकोटला आगबोटीच्या प्रवाशांची वाट बघणारं आता कुणी नाही. बोटी घाट चढून वर गेल्या, पाणी घाट उतरून खाली आलं. बैलगाडीवाल्यांना सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

ठिपक्यांचं काय झालं तेही शोधू म्हटलं. त्यातली माणसं रायगडला गेली, ठाण्याला, सोलापूरला. खोऱ्यात भात-नाचणी करणाऱ्यांना सोलापूरची जमीन! काहींना तीही नीट मिळाली नाही. त्यांची नातवंडं अजून पुनर्वसनाच्या मोर्चात असतात.